कडी बघितली

आमच्या घराण्यानं तीन पिढ्या दोर विकले, पण दोराला कुणी लोंबकळलं नव्हतं. जुन्नरच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्यावरून कुणी पडलं, विहिरीत कुणी बुडालं की धावून जाणारी आठ-दहा माणसं आमच्या भागात आहेत. ती माझ्याकडून दोर न्यायची. एकदा दोराबरोबर मीही गेलो आणि मग जातच राहिलो. बायको म्हणाली, "आधी आपलं सुटलेलं पोट बघा." तिचं खोटं नव्हतं. म्हणून मी कायम वर उभा राहायचो आणि खाली उतरायचा तो.

तो खोडदकडचा, टोमॅटोचा शेतकरी. अंगानं सडपातळ, तोंडानं फटकळ. मला शेठ म्हणायचा. "शेठ, दोर नवा हाय ना? का दुकानातला उरलेला खपवताय?" असं विचारल्याशिवाय त्याचा पाय कड्याखाली जायचा नाही.

उतरणारा माणूस कमरेच्या पट्ट्याला लोखंडी कडी लावतो आणि दोर त्या कडीत अडकवतो. कडीच्या तोंडावर एक फिरकी असते. ती फिरवून घट्ट केली की कडी उघडत नाही. ती उतरणाऱ्यानं स्वतः लावायची, दुसऱ्यानं हात लावून तपासायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "बघितली." तो शब्द ऐकल्याशिवाय कुणी खाली जात नाही. त्याची कडी तपासायचं काम माझं.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी कड्यावरून घसरली. कॉलेजची, मैत्रिणींबरोबर फिरायला आलेली. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती शुद्धीवर होती. धुक्यानं आम्हाला वरून काही दिसत नव्हतं, फक्त दोघांचे आवाज यायचे. तासभर तो तिच्याशी बोलत होता. तिला वर घेताना ती त्याला सारखी विचारायची, "कडी नीट लावलीय ना दादा?" आणि तो म्हणायचा, "लावलीय ताई, मी स्वता बघितली." ती वर आली तेव्हा गेलेली होती. पोटातल्या पोटात रक्तस्राव झाला होता. कडी घट्टच होती.

कुठंही जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या दुकानामागच्या अंगणात दोर धुतो. ही पद्धत आमच्यातल्या नर्सबाईंनी घातली. त्या ग्रामीण रुग्णालयात आहेत. "हात कामात असले की तोंड उघडतं," असं त्यांचं म्हणणं. टबातून ओला दोर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, कुठं चीर पडलीय का हे बोटांनी चाचपायचं. दोर ज्याच्या हातात, त्यानं आपण काय पाहिलं ते सांगायचं. कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणी हसायचं नाही. मला सुरुवातीला हे थोतांड वाटलं होतं. पण तिथं मोठमोठ्या मिशांची माणसं रडलेली मी पाहिलीत आणि मीही रडलोय.

तो मात्र नेहमी शेवटी उभा राहायचा. त्याच्या हातात शेपूट यायचं आणि तो ते झटकून म्हणायचा, "संपला राव दोर. चहा सांगा." त्या मुलीच्या वेळीही तेच झालं. आम्ही हसलो. मी चहा सांगितला.

तीन आठवड्यांनी आंबेगावकडच्या एका विहिरीवर गेलो होतो. मी त्याच्या कडीला हात लावला आणि फिरकी सैल लागली. नुसती सैल नव्हे, पार उघडी. मी काहीच न बोलता ती फिरवून घट्ट केली आणि मोठ्यानं म्हणालो, "बघितली."

का नाही बोललो? तो आमच्यातला सगळ्यात तरबेज माणूस. चारचौघांत बोललो असतो तर त्याची अब्रू गेली असती आणि पुढं त्याला कुणी उतरू दिलं नसतं. दमला असेल, विसरला असेल, अशी मी माझी समजूत घातली. आपल्या माणसाची चूक झाकायची, हे मला दोस्तीचं लक्षण वाटलं.

दुसऱ्या वेळी पुन्हा उघडी. पुन्हा मी गुपचूप घट्ट केली.

त्याच सुमारास त्याची बायको बाजारात भेटली. इकडं तिकडं बघून म्हणाली, "शेठ, त्यांचं काय तरी बिनसलंय बगा. जेवाय बसले की घास हातातच ऱ्हातोय. वावरात जात्यात आन बांधावर बसून त्या दुर्बिणीच्या छत्र्यांकडं बघत बसत्यात. टमाटी जाग्यावर सडली, तरी शब्द न्हाई." खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड छत्र्या सगळ्या मिळून एकाच दिशेला तोंड फिरवतात, आवाज न करता. आम्ही लहानपणापासून पाहतोय. त्या दिवशी मात्र ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

तिसरी वेळ तळेघरच्या वरच्या अंगाला आली. वाट चुकलेला एक म्हातारा ओघळीत अडकला होता. मी कडीला हात लावला. उघडी. या वेळी मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो दरीकडं बघत होता आणि माझ्या हाताची वाट पाहत होता. मी फिरकी घट्ट केली. तरी मी म्हणालो, "बघितली." म्हातारा सुखरूप वर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोर गुंडाळत राहिलो.

दोन दिवसांनी मला राजस्थानात भाचीच्या लग्नाला जायचं होतं, आठ दिवसांसाठी. तिकिटं खिशात होती. पावसाळी गर्दीचा रविवार तोंडावर आला होता. मी नसताना त्याच्या कडीला हात कोण लावणार? आणि उघडी लागली तर तपासणाऱ्याला कळेल का, की हे पहिल्यांदा नाही? हा विचार मानगुटीवर बसला तो उतरेना.

म्हाताऱ्याला वर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोर धुवायला सगळे जमले. तो सवयीनं शेवटी जाऊन उभा राहिला. माझ्या हातात दोर आला तो मी पुढं सोडलाच नाही.

"शेठ, सोडा की," कुणीतरी म्हणालं.

मी त्याच्याकडं बघून म्हणालो, "मी तीन वेळा तुझी कडी उघडी पाहिली. तिन्ही वेळा मी ती गुपचूप लावली आणि सगळ्यांशी खोटं बोललो."

मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर येणार. तो खाली बघत राहिला.

"पयल्यांदा खरंच इसरलो व्हतो," तो म्हणाला. "मागच्या दोन्ही येळंला न्हाई."

त्यानं पुढं होऊन माझ्या हातातला दोर धरला.

"ती पोरगी सारखी इचारत व्हती, कडी लावलीय ना. समदं बरोबर व्हतं, तरी गेली. मग म्हनलं, लावून तरी काय व्हतंय." त्यानं मान वर केली. "तुमचा हात येतोय का बगायचो, शेठ. दर टायमाला यायचा. पर तुमी बोलायचाच न्हाई."

मला रडू कोसळलं. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं खरं सुनावलं नव्हतं. नर्सबाईंनी हातातला दोर खाली ठेवला, त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "चल, आत्ताच जायचं." त्याला त्या आणि मी पुण्याला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. लग्न माझ्याशिवाय झालं. बहीण अजून नीट बोलत नाही.

आता तो उतरत नाही. औषध चालू आहे, वावर पुन्हा हिरवं आहे. चांगल्या दिवशी दोराच्या दर्जावरून माझी चेष्टाही करतो, वाईट दिवशी त्याची बायको मला फोन करते आणि मी दुकान बंद करून जातो. कामावर येतो तो वर उभा राहायला.

गेल्या महिन्यात माणसं कमी होती म्हणून एका उतारावर माझ्यावरच जायची वेळ आली. त्यानं माझ्या कडीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "उघडी हाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमलेले पंधरा गावकरी बघत होते.

त्यानं माझा पट्टा धरून ठेवला होता. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "इसरला का, शेठ?"

"विसरलो," मी म्हणालो. ते खरं होतं. तरी त्यानं त्या दिवशी मला खाली जाऊ दिलं नाही.