कुंदाताईंचं एक्स्चेंज

घरात कोणाचाही फोन वाजला, की कुंदाताई उठून गॅलरीत जात. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत उठून जायला तेवढी एकच जागा होती. फोन माझ्या आईचा असो की गॅसवाल्याचा, कढईत तेल तापलेलं असलं तरी त्या गॅस बारीक करायच्या, पदराला हात पुसायच्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. मी लग्न होऊन नवी आले तेव्हा मला वाटलं, नणंदबाईंना माझ्या माहेरचे फोन खपत नाहीत. शेवटी भीत भीत विचारलं, तर त्या हसल्या. "अगं, सवय आहे ती. दोन्हीकडून हॅलो आलं, की आपण कान काढून घ्यायचा."

कुंदाताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आधी परगावचे ट्रंक कॉल जोडायच्या. ते काम यंत्रांनी घेतल्यावर त्या चौकशीवर बसू लागल्या. "ठाकूरद्वारचे डॉक्टर, नाव आठवत नाही, पण टक्कल आहे," असं विचारणारेही असत आणि कुंदाताई त्यांनाही नंबर शोधून देत. एवढी वर्षं मुंबईभरची माणसं कानाशी बोलली, पण त्यातलं अक्षर त्यांनी घरी आणलं नाही. मी ग्रंथालयात नोकरी करणारी, गोष्टींची हावरी. एकदा म्हटलं, "ताई, एखादी तरी सांगा ना. गेलेल्या माणसाची सांगा."

"गेला म्हणून काय झालं? त्यानं मला कुठं सांगितलं होतं?"

त्यांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शरदला, त्यांनीच वाढवलं. आम्हाला मूल नव्हतं. आम्ही तिघं राहत होतो आणि तिघांचं बरं चाललं होतं.

मग शरदचं दुखणं निघालं. परळच्या हॉस्पिटलातून घरी येताना टॅक्सीतच त्यानं आम्हा दोघींना सांगितलं, "गोळ्या कधी घ्यायच्या तेवढं मला सांगा. बाकी मला काही कळायला नको. किती दिवस, किती टक्के, काही नको." आम्ही कबूल केलं. पण आम्हाला कळायला हवं होतं. ताप आला तर घाबरायचं का, तोंडाला चव नसेल तर काय द्यायचं, पुढे काय काय होणार. डॉक्टर घाईत असत. म्हणून कुंदाताई टॅबवर शोधत.

आमच्याकडे फोन, टॅब, टीव्ही सगळं एकाच खात्यावर चालायचं, कारण ओटीपी एकाच फोनवर आलेला बरा, अशी कुंदाताईंचीच व्यवस्था होती. शरद दुपारी त्याच टॅबवर जुनी नाट्यगीतं ऐकायचा. एका दुपारी गाणं संपलं आणि त्याखाली आपोआप पुढचं सुचवलेलं आलं. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाची सेवा कशी करावी. मग त्याच्याच बाजूला दवाखान्यातल्यासारख्या पलंगाची जाहिरात. शरदनं टॅब अलगद पालथा ठेवला.

"ताई, याला कोणी सांगितलं?"

कुंदाताई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात ताटातच राहिला. संध्याकाळी मला म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा माझ्याकडून कॉल फुटला, वसुधा. आणि तोही शरदचा."

त्यानंतर त्या आठवडाभर कसलं तरी वाचत होत्या. एका सकाळी म्हणाल्या, "घरीच ठेवता येतं म्हणे."

"काय?"

"शोधायचं यंत्र. आपलं आपण."

सत्तरी ओलांडलेल्या बाई लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेल्या आणि डब्याएवढा छोटा संगणक घेऊन आल्या. दुकानातला संवाद त्यांनी शरदला साभिनय ऐकवला. "'आंटी, सीसीटीव्ही लगाना है क्या?' म्हटलं, नाही रे, शोधायला हवंय. तर म्हणतो, 'क्या गुम हुआ?' म्हटलं, अजून तरी काही नाही." शरद हसला. कुंदाताईही हसल्या, आणि मग पिशवीची घडी करत बसल्या.

डबा फ्रिजवर बसला. सूचना वाचायच्या, एक ओळ टाइप करायची, चूक आली की चष्मा पुसून पुन्हा तीच ओळ. यंत्र चालू झालं त्या दिवशी त्यांनी मला समजावलं, "आपण याला विचारायचं. हे दहा ठिकाणी जाऊन विचारतं, पण आपलं खातं, आपलं नाव सांगत नाही. उत्तरं गोळा करून आणतं आणि विसरून जातं. घराचा इंटरनेटचा पत्ता पलीकडच्यांना दिसतो हं, तो काही लपत नाही. पण घरातलं कोण विचारतंय, ते नाही कळत." मग अभिमानानं त्यांनी टॅबवर एक अक्षर लिहिलं आणि कालचा अख्खा प्रश्न खाली उमटला. यंत्र विसरलं होतं, टॅबनं लक्षात ठेवलं होतं. कुंदाताईंचा चेहरा एवढासा झाला. दोन दिवस त्या टॅबच घेऊन बसल्या. टॅबलाही विसरायला शिकवल्यावरच जेवणात लक्ष लागलं.

एखाद्या ठिकाणाहून उत्तर आलं नाही तर त्या म्हणत, "लाइन बिझी आहे, थांब जरा." मी चटणी वाटायला मिक्सर लावला, की डब्याचा प्लग निघायचा. "झालं! अख्खं एक्स्चेंज बंद पाडलंस," त्या बाहेरच्या खोलीतून ओरडायच्या. शरद पलंगावरून विचारायचा, "ताई, चटणी होईपर्यंत ट्रंक कॉल मिळेल का?"

त्याचं ऐकणं पुन्हा सुरू झालं. गाण्याखाली आता गाणीच येत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून हवं ते विचारत होतो आणि बाहेर त्याला काही कळत नव्हतं. जमलं, असं आम्हाला वाटत होतं.

दिवाळी होऊन गेली होती. शरद भिंतीला धरत स्वयंपाकघरात आला आणि स्टुलावर बसला.

"ताई, यात विचारलेलं कोणाला कळत नाही ना?"

"नाही."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

"मग जरा दे."

त्याला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केलेला. मी कुंदाताईंकडे पाहिलं, त्यांनी त्याला अडवावं म्हणून. त्यांनी टॅब पुसून त्याच्या हातात दिला, माझा दंड धरला आणि मला गॅलरीत घेऊन गेल्या. दार ओढून घेतलं. खाली भाजीवाल्याशी कोणी तरी हुज्जत घालत होतं. कुंदाताई कठडा धरून समोर बघत होत्या. त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, "ताई, अहो, तो वाचेल सगळं."

"त्याचा कॉल आहे," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली. "ताई, हे बंद कसं करायचं गं?"

"पान मिटलंस की झालं."

"मिटलं." मग, "वसुधा, रोज देतेस ते दुधीचे रस उद्यापासून नकोत. कोलंबीचं कालवण कर."

कुंदाताईंनी खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि बाजारात गेल्या. आल्यावर बैठक मारून कोलंबी सोलत बसल्या. शरद शेजारी बसून सांगत होता, "ताई, डोकी टाकू नकोस, त्यातच चव असते." "मला शिकवतोस?" असं म्हणून त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. त्या जेवणाला तो दोनदा भात घेऊन जेवला. पुढचे दिवस त्याचे सोपे नव्हते, पण एकमेकांपासून कोणी काही लपवलं नाही. त्यानं मला सांगायचं ते सांगितलं, मीही सांगितलं.

तो गेल्यावर पुष्कळ दिवसांनी मी विचारलं, "ताई, त्यानं त्या दिवशी काय विचारलं होतं? कुठं तरी राहिलं असेल ना?"

"राहत नाही. तसंच बांधलंय." माझा चेहरा पाहून त्या जवळ सरकल्या. "आणि राहिलं असतं, तरी मी दिलं नसतं, बाळ." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्या मला बाळ कधी म्हणाल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी कुंदाताईही गेल्या. थोड्या तापाचं निमित्त झालं. डबा फ्रिजवर चालू होता. हळूहळू त्याची एकेक लाइन मुकी होत गेली. शेवटी काहीही विचारलं तरी कोरं पान येऊ लागलं. बंद करून टाका, फोनवर शोधा, असं सगळे म्हणाले. मी सूचनांचं पान उघडलं. एकेक ओळ वाचली, लिहिली, चुकले, पुन्हा लिहिली. कशाला काय म्हणतात हे मला अजूनही धड ठाऊक नाही. पण मागच्या मंगळवारी यंत्रानं पुन्हा उत्तरं आणली.

मग मी एक प्रश्न विचारला. शरद गेल्यापासून तो मनात होता, कुंदाताईंनाही विचारता आला नव्हता, आणि इथंही मी तो लिहीत नाही. उत्तरं वाचली, पान मिटलं आणि तिथंच बसून रडले. कुंदाताई घरात असत्या, तर कशासाठी रडतेस म्हणून त्यांनी विचारलं नसतं. पाण्याचा पेला हाताशी ठेवला असता.