दाजींच्या डोक्यातली सुकट

महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या साऱ्या मुलखात ‘डोपामिन’ हा शब्द सर्वांत आधी माझ्या दाजींनी उच्चारला, आणि तोही मासळी बाजारात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. महाडला शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांना जाऊन पावसाळा उलटला, तरी सुकट भाजल्याचा वास आला की मी अजून वाचता वाचता थांबतो.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला त्यांचा उजवा हात कापायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुसरा कोणी खचला असता. दाजी डॉक्टरांकडून एक जाडजूड पुस्तक मागून घेऊन आले आणि भेटेल त्याला आपला मेंदू शिकवायला लागले. “बाकीच्या पुष्कळ पेशी तार करतात, या घरातून त्या घरात. डोपामिनच्या पेशी सुकट भाजतात. वास आळीभर जातो, पण ज्या घराला त्या वासाचं नाक आहे तिथंच कळतो. त्यातही कोणी धावत बाहेर येतो, आणि आपले माळकरी शेजारी खिडकी लावून घेतात. वास एकच!” सुकट विकणाऱ्या मावशींनी विचारलं, “मंग गुर्जी, तुमच्या डोक्यात सुकट भाजतात?” “भाजतात गो. पण भाजणाऱ्या बाया कमी झाल्यात. माझी गोळी म्हणजे कच्ची सुकट. भाजणारी हाय तवर वास सुटायचा.” मावशींनी पिशवीत मूठभर सुकट जास्त घातली. त्यांना ती औषधच वाटली असावी.

माणसांचीही ते हीच वाटणी करत. मी तारेतला, कारण बोलतो ते एकाशीच आणि मोजकं. “तुझी ताई मात्र डोपामिन. रागावली की चवदार तळ्यापर्यंत कळतं.” आतून ताई म्हणे, “आणि घरातल्यालाच तेवढं कळत नाही!”

पुढे गोळ्या पुरेनाशा झाल्या. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा दाजींनी एकच हट्ट धरला: पाठवणीला तिला गाडीपर्यंत मी चालत पोचवणार. आणि नेमके मांडवाच्या कडेला पाय अडले. लेक हात धरून उभी, बायका डोळे पुसतायत, खालूबाजावाल्यांनी वाद्यं खाली ठेवलेली. दाजी मला म्हणाले, “वाजवायला सांग. नाचाचं.”

“दाजी, पाठवणी आहे!”

“अरे, ठेका असला की पाय ऐकतात. सांग लवकर.”

पोलादपूरकडचे ते वाजवणारे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी ताईच ओरडली, “वाजवा रे!” ढोल सुरू झाला आणि दाजी निघाले, ठेक्यावर एकेक पाऊल टाकत. मागून एक म्हातारी म्हणाली, “लेक चालली नि बाप नाचतोय, लाज हाय का नाय?” लेक रडता रडता हसत होती.

गाडी वळणाआड गेली. ढोल थांबला. दाजी रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते. त्यांची काहीतरी समजूत घालावी म्हणून मी जवळ गेलो, तर तेच हलक्या आवाजात म्हणाले, “इथपर्यंतचाच विचार केला होता रे. परत कसं जायचं, ते राहिलंच.”

मी ढोलवाल्याकडे पाहिलं. त्यानं या खेपेला काठी काखेत धरली आणि नुसत्या बोटांनी ठेका सुरू केला.