बसलेल्या बैलाची जखम

"आधी केस बघा, मंग रगत बघा."

गोजरबाईचं हे बोलणं अंबडच्या अलीकडच्या त्या जहागिरी गावात लहानथोरांना पाठ होतं. जनावराला शिंग लागो, काटा लागो, फाळ लागो, ती आधी जखमेकाठच्या केसांवरून बोट फिरवायची आणि मगच आपली झोळी सोडायची.

तिचा नवरा जहागीरदाराच्या शिकारीत हाकारा करायचा. एका माघात लोकांनी त्याला घोंगडीत घालून आणला. बंदुकीपुढं आडवा पळाला, असं कारभाऱ्यानं सांगितलं. तिनं रडत रडत जखमेवर मूठभर हळद दाबली. गोळी पुढून लागली की मागून, ते त्या हळदीखाली कायमचं झाकलं गेलं.

त्यानंतर वीस वर्षं तिनं शिकारीतली जखमी कुत्री आणि वासरं बरी केली, मेलेली हरणं निरखली. गोळी शिरते तिथं बोराच्या बीएवढं भोक पडतं आणि केस आत दबतात. निघते तिथं मांस कापसाच्या बोंडासारखं उकलतं. हे तिला कुणी शिकवलं नाही.

मग एका सकाळी गावातल्या कचरूच्या बैलाला गोळी लागली. कचरूकडं बैलांची एकच जोडी. कारभारी म्हणाला, बैल जहागिरीच्या मळ्यात घुसून शिकारीला आलेल्या पाहुण्याच्या अंगावर धावला, म्हणून पाहुण्यानं गोळी झाडली; आता दंड म्हणून दुसरा बैल जहागिरीत जमा. अंबडच्या पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब पंचनाम्याला आले. दुसऱ्या बैलाचं दावं कारभाऱ्याच्या गड्यानं धरलंही होतं.

घायाळ बैल तीन पायांवर उभा होता. कचरूनं हळदीची मूठ भरली.

"हात मागं घे, कचरू! अजून बघितलं न्हाई मी."

कारभारी हसला. "बघा अमीनसाहेब, बाई आता बैलाची कुंडली मांडणार."

"तुमची बी मांडते, कारभारी. जल्दी काय हाय?"

तिनं मागच्या मांडीवरल्या जखमेकाठी बोट फिरवलं. "केस दबलेत शेपटीकडून. मांस उकललंय पुढून. अंगावर येणाऱ्या बैलाला गोळी मागून कशी लागली?"

"वळला असंल ऐन वेळी."

"असंल."

उकळलेल्या कडुनिंबाच्या पाण्यातून तिनं ज्वारीचं सोललेलं चिपाड काढलं आणि हलकेच जखमेत सारलं. चिपाड अडलं. कातड्यातलं भोक एकीकडं, मांसातलं चार बोटं वर.

"पाह्यलं? बाईचं चिपाडच बाईला खोटं पाडून राह्यलंय!" कारभारी म्हणाला.

कचरूची नजर दुसऱ्या बैलाच्या दाव्यावर गेली.

"कचरू, बैल बसव," गोजरबाई म्हणाली.

कण्हत कण्हत बैलानं पाय दुमडला. तसं मांडीचं कातडं सरकलं आणि कातड्यातलं भोक मांसातल्या भोकासमोर आलं. चिपाड न अडता आत गेलं आणि पलीकडून निघालं.

"बराबर," अमीनसाहेब पुटपुटले.

"गोळी लागली तवा बसला व्हता, साहेब. पाय दुमडून, रवंथ करीत. लिव्हा."

अमीनसाहेबांचा टाक थांबला. "लिहिल्यावर तुझं काय होईल, माहीत आहे ना बाई?"

"न लिव्हल्यावर काय व्हतं, ते माहीत हाय. वीस वर्सं भोगलं."

अमीनसाहेबांनी लिहिलं. गड्यानं दावं टाकलं. कारभाऱ्याचा चेहरा काळवंडला.

"तुझं खोपट जहागिरीच्या जागेवर हाय. सांजच्या आत उठव!"

"चार तुराट्या अन् एक पाटी हाय. नेते की. पण लिव्हलेलं तुम्हाला उठवता यायचं न्हाई."

तिनं जखम धुतली, चिंधी बांधायला घेतली, आणि कचरूकडं न बघताच म्हणाली, "आता लाव हळद."

मग झोळी खांद्याला अडकवून ती निघाली. वाटेत कारभाऱ्याचं घोडं आडवं उभं होतं. ती बाजूला सरली नाही, घोडंच सरलं. अंबडच्या वाटेला ती वळेपर्यंत कचरू पिवळ्या हातांनी उभा राहून बघत होता, आणि बसलेल्या बैलानंही मान तिकडंच वळवली होती.