ओइवाचा सुळा

माझी नणंद तेल्लेर्वो कवळ्या करते आणि मी तिच्या दवाखान्याच्या दाराशी बसून येणाऱ्यांना कॉफी पाजते. आमच्या नुर्मेस गावात साठीच्या पुढचं जे कोणी मोकळेपणानं हसतं, ते बहुतेक तिच्या हातचं हसतं. बाई मायाळू, पण नियमाच्या बाबतीत पक्की खडूस. तीन वर्षं शाळेत दात घडवायला शिकली, पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली मेण वितळवलं, मग पुन्हा शिकून परीक्षा दिली, तेव्हा कुठे जिवंत माणसाच्या तोंडात बोट घालायचा परवाना मिळाला. त्यातही एक मेख आहेच. तोंडाचं पार बोळकं झालेलं असेल तरच तिनं स्वतःच्या जबाबदारीवर कवळी करायची. एक जरी दात शिल्लक असला, तरी तो माणूस दंतवैद्याचा.

त्या मार्चमध्ये ओइवा कार्टुनेन आला. सत्तरीचा, जन्मभर नदीतून ओंडके वाहून नेलेला. तेल्लेर्वोनं त्याला तोंड उघडायला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा कोण?"

"तो होय? जुना भाडेकरू आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, बाई."

वरच्या बाजूला एकच सुळा उभा होता, पिवळाधमक आणि निर्लज्ज.

"मला परवानगी नाही, ओइवा. डॉक्टर लुंडमार्ककडे जा."

"त्याच्याकडे? तोंडात हत्यारं घालून तो मासेमारीवर भाषण देतो आणि आपल्याला उलट बोलता येत नाही!"

घाई का होती, ते त्यानं कॉफी पिताना मला सांगितलं. पलीकडच्या गावातली विधवा सिल्वी त्याच्याशी लग्नाला तयार झाली होती. जूनमध्ये, मध्यग्रीष्माच्या सणाला. अट एकच घातली होती.

"म्हणते, माझ्या छताखाली दांड्यावर वाळवलेला काळा पाव खाता आला पाहिजे. रोज लापशी शिजवायला मी काही दाई नाही."

"मग उपटून टाका ना तो एक!" मी म्हणाले.

"वा हो वा! बर्फावर बसून हात गारठले की गळाचा दोरा दातानं तोडायला काय तुम्ही येणार?"

आठवड्यानं स्वारी पुन्हा हजर. तोंड गच्च मिटलेलं, डोळ्यांत लबाडी. खुर्चीत बसून ऐटीत म्हणाला, "गेला तो. आता घ्या माप."

तेल्लेर्वोनं डोकावून पाहिलं. सुळ्याच्या जागी छान गुलाबी हिरडी होती. तिनं अंगठ्यानं दाबली, तर हिरडीच अंगठ्याला चिकटून बाहेर आली. खालून भाडेकरू हसत होता. स्प्रूसच्या झाडाचा डिंक चघळून चघळून गुलाबी होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या महाशयांनी सकाळभर चघळून तो दातावर थापला होता. मी इतकी हसले की कॉफी सांडली. तेल्लेर्वो मात्र हसली नाही. डिंक तिनं कागदात गुंडाळून त्याच्या खिशात परत घातला.

तिसऱ्या खेपेला ओइवा टोपी हातात घेऊन आला. सिल्वीनं दातांचं पुन्हा विचारलं होतं म्हणे.

"ठरलं, बाई. लुंडमार्ककडून उपटून घेतो. मग कवळी तुम्ही करा. लोक म्हणतात, तुमच्या हातची तोंडात आहे हे विसरायला होतं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गिऱ्हाईक आपलं झालं! पण तेल्लेर्वोनं छोट्या आरशाच्या दांडीनं तो दात ठोकून पाहिला आणि हलवून पाहिला.

"मूळ घट्ट आहे," ती म्हणाली. "कीड नाही. हा दात काढायचा नाही."

"अहो, पण लग्न..."

"माझे अठ्ठावीस काढले होते, ओइवा. अठराव्या वर्षी. एकालाही कीड नव्हती."

ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, पण ती कधी बोलत नसे. तेव्हा इकडे पद्धतच होती. पोरगी लग्नाला आली की दात काढून कवळी बसवायची, म्हणजे नवऱ्याच्या मागे जन्माचं दातदुखीचं लचांड नको. तेल्लेर्वोची कवळी तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेनं भेट दिली होती.

"मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आणि मी आभारसुद्धा मानले."

तिनं लुंडमार्कला चिठ्ठी लिहिली: सुळा ठेवा, त्याच्या आधारानं बाकीचे दात बसवा. मी दातओठ खात तिच्याकडे बघत राहिले. त्या शिष्टाला आपण होऊन गिऱ्हाईक द्यायचं?

"दात त्याचा आहे, इंपी," ती एवढंच म्हणाली.

दोन आठवड्यांनी लुंडमार्कच्या दवाखान्यातून खोकं आलं. आत ओइवाच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे आणि डॉक्टरच्या सहीचा कागद: दात करून द्यावेत. माप घेईल तो बिचारा, पण घडवायला हात कुणाचे आणणार? डॉक्टरनं लेखी सांगितलं, की मग दात शिल्लक असला तरी हे काम करायची तिला परवानगी असते. तेल्लेर्वोनं सुळ्याभोवती तार अशी वळवली की भाडेकरूला कुठे काचू नये. तो कागद चौकट करून भिंतीवर लावावा असं मी तीनदा सुचवलं. तिन्ही वेळा तिनं मला कपबशा धुवायला पाठवलं.

लग्नाच्या दिवशी सिल्वीनं दांड्यावरचा सगळ्यात जुना पाव काढला. दुष्टच बाई. ओइवानं तुकडा सुळ्याखाली धरला आणि चावला. कडकन आवाज झाला. अख्ख्या अंगणानं माना वळवल्या.

"काय मोडलं?" सिल्वी घाबरून म्हणाली. "पाव की दात?"

ओइवा बोट वर करून चावत राहिला. गिळलं. मग म्हणाला, "पाव."

काय तो गलका झाला! त्या गडबडीत तेल्लेर्वोनं आपला तुकडा हळूच कपात बुडवायला घेतला. चाळीस वर्षं ती पाव असाच खाते. कप मात्र रिकामा होता. ती तुकडा हातात धरून तशीच बसली.

ओइवानं ते पाहिलं. त्यानं स्वतःचा भरलेला कप तिच्यापुढे सरकवला आणि तिचा पाव मऊ होईपर्यंत आपणही चावायचा थांबला.