चुंबक न चिकटणारी पातेली

सासूबाईंनी घरातली स्टीलची भांडी आम्हा दोघी जावांत वाटली, ती आधी प्रत्येकावर नाव घालून आणून. थोरलीच्या पातेल्यांवर थोरलीचं, माझ्या पातेल्यांवर माझं. म्हणजे पुढे अदलाबदलीचा प्रश्नच नको.

तेव्हा मला काहीच खुपलं नाही. खुपलं ते नवऱ्यामुळे. ते सातपूरला वायनरीच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. एकदा जेवताना म्हणाले, टाक्यांना थ्री-नॉट-फोर स्टील लागतं. त्यात निकेल असतं, ते आंबट सोसतं, सहसा गंजत नाही आणि त्याला चुंबक चिकटत नाही. मी तशीच उठले. फ्रिजवरचं चुंबक काढून माझ्या पातेल्याला लावलं. टपकन चिकटलं.

दिवाळीला दिंडोरीला थोरलीकडे गेलो, तेव्हा ते चुंबक माझ्या पर्समध्ये होतं. ती अंगणात रांगोळी काढत होती आणि मी स्वयंपाकघरात तिच्या एकेका पातेल्याला ते लावून बघत होते. एकालाही चिकटेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला निकेलचं, आणि मी काय वाटेवर पडले होते? आमचे हे म्हणाले, चुंबक चिकटलं म्हणून स्टील वाईट ठरत नाही, प्रत्येकाचं काम वेगळं. पण ते पडले आईचे लेक. सासूबाई गेल्या, तरी माझी जळजळ गेली नाही. थोरलीच्या हातची कढी सगळे वाखाणायचे, मला ती कधी गोड लागली नाही.

यंदा थोरलीने हौसेनं इंडक्शनची शेगडी घेतली. बघायला गेले तर ही तोंड पाडून बसलेली.

"माझं एकबी पातेलं हिच्यावर तापत नाय," ती म्हणाली. "चुंबक चिकटतं तीच भांडी चालतात म्हणे. तुझी चालतील. तुझ्या घरी आले तवा शेगडीच्या आशेनं चुंबक लावून बघितलं मी. आईंनी चांगली भांडी तुलाच दिली. लय जीव होता त्यांचा तुझ्यावर."

ती माझ्यावर जळत होती. हे ऐकून मला जे गार वाटलं, तसं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

मग तिने आपली सगळी पातेली माझ्यापुढे मांडली. ही तू घे, म्हणाली, आणि तुझी मला दे. ज्यांच्यापायी मी एवढी जळले ती पातेली समोर लखलखत होती. पण माझी दिली, तर आत्ताच ऐकलेला आईंचा जीवही त्यांच्याबरोबर दिंडोरीला जाणार होता.

"नको जाऊबाई," मी म्हटलं. "त्यांच्यावर माझं नाव आहे."