कांचनगंगा आणि माझा साडू

माझ्या साडूची भर सभेत फजिती करायची होती, म्हणून त्याच्या व्याख्यानाला माणसं मीच गोळा केली. दारोदार फिरून. एरवी आमच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचे श्रोते म्हणजे अध्यक्ष, चिटणीस आणि तिथला पंखा बरा फिरतो म्हणून येऊन बसणारे एक निवृत्त मास्तर. एवढ्यांसमोर कोणी आपटला तर त्याचा काय उपयोग? मला सभागृह भरलेलं हवं होतं.

सूड कशाचा, ते सांगतो. साडू पुण्याचा. सुट्टी मिळाली की डोंगर चढतो आणि उतरला की बोलतो. मागे एकदा त्याच्या नादी लागून मी खेडजवळच्या रसाळगडावर गेलो. तिथली गावकरी मंडळी साध्या चपलांवर वर जातात. मी अर्ध्या वाटेत खाली पाहिलं, एका खडकाला मिठी मारली आणि आलेली वाट बसल्या बसल्या घसरत उतरलो. पँटचं जे व्हायचं ते झालं. पण हा प्रसंग साडूने सासुरवाडीच्या एका लग्नात, भर पंगतीत, हातवाऱ्यांसकट सांगितला. वर म्हणाला, "आमचे साडूभाऊ म्हणजे समुद्रसपाटी. जगातल्या सगळ्या शिखरांची उंची ह्यांच्यापासून मोजतात." पंगत जिलबी विसरून हसली. तेव्हापासून सासरी माझं हेच नाव. मेव्हण्याची पोरं फोनवर सरळ विचारतात, "समुद्रसपाटी काका आहेत का?"

आणि असा हा माणूस सिक्कीमला जाऊन आला. आमच्या चिटणिसांनी लगेच त्याला बोलावलं. विषय, कांचनगंगा. इकडे मेव्हणी माझ्या बायकोला फोनवर सांगत होती, "कसलं शिखर गं, लांबच्या एका खिंडीतून बघून आले." मी शेजारीच भेंडी चिरत होतो. भेंडी बारीक झाली, पण मन कसं प्रसन्न झालं.

मग मी अभ्यासाला बसलो. माणूस देवासाठी करणार नाही एवढं वाचन मी द्वेषापोटी केलं. कांचनगंगा नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर, उंची साडेआठ हजार मीटरच्या वर, जगात तिसरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर हीच सगळ्यांत उंच असं धरून चालत. मग मोजणीवाल्यांनी आकडेमोड केली आणि बाईंना खाली उतरवलं. (मोजणीने घाव बसलेली आणखी एक व्यक्ती भेटल्यासारखं वाटलं.) शेंडा एक नाही, पाच. वर हिमकडे कोसळतात, हवा क्षणात फिरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून किती पथकं गेली, माणसं गमावून परतली. १९५५ मध्ये ब्रिटिश पथकातले दोघे वर पोहोचले, आणि अगदी टोकाच्या काही पावलं खाली थांबले. का, ते मी वाचलं होतं. साडूला ते ठाऊक नसणार, म्हणून तो पत्ता मी शेवटच्या हल्ल्यासाठी राखून ठेवला.

माणसं जमवताना मी कोणालाच विषय सांगितला नाही. "या, मजा आहे," एवढंच. रिक्षा स्टँडवरचे आले, आळीतल्या बायका आल्या, ग्रामदेवतेचे गुरवही आले. बाहेर चपलांना जागा उरली नाही. अध्यक्ष मला म्हणाले, "साडूवर जीव आहे हो तुमचा!"

साडू पडद्यावर फोटो दाखवत होता. फोटो सुंदर होते, त्यामुळे मला घाई झाली. शेवटपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण मधेच उठलो. "साडूभाऊ, एकच प्रश्न. शिखराच्या टोकावर पाय ठेवलात का? हो की नाही?"

साडू म्हणाला, "नाही."

मी सावकाश खाली बसलो. बसताना आजूबाजूला पाहूनही घेतलं.

तेवढ्यात गुरव उभे राहिले. "का नाय ठेवलात?"

"काका, माझी तेवढी लायकी नाही," साडू म्हणाला. "मी लांबून दर्शन घेऊन आलो. पण जे पहिल्यांदा वर पोचले, त्यांनीही टोकावर पाय ठेवला नाही. तिथले लोक त्या डोंगराला देव मानतात. सिक्कीमच्या राजाला त्यांनी तसा शब्द दिला होता."

माझा राखून ठेवलेला पत्ता! मी ओरडलो, "हे मला माहीत होतं!" माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. ज्या गावात देवळाच्या रानातली फांदी तोडायची तरी आधी देवाला कौल लावतात, त्या गावाला मी हे ऐकायला आणून बसवलं होतं.

"मंजे तितंबी राखणदार हाय तर," गुरव म्हणाले. "आनि सायबानं त्याचा मान राखला. बरं केलान."

मग टाळ्या. मागच्या रांगेतून कोणीतरी "पुन्हा दाखवा तो फोटो" म्हणालं. गुरवांनी साडूच्या हातात नारळ दिला, दुसऱ्या दिवशी देवळात यायचं आमंत्रण दिलं. अध्यक्षांनी आभार मानताना एवढी गर्दी जमवल्याबद्दल माझं नाव घेतलं, तेव्हा साडूने येऊन मला मिठी मारली. मी अंग आखडून उभा राहिलो.

घरी येताना माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. साडूचा मुक्काम आमच्याकडेच होता. गाठी पडलेली गादी कोणती, ते मला माहीत होतं. ती मी माळ्यावरून काढून त्याच्या खाटेवर घातली, वर स्वच्छ चादर पसरली आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणालो, "आता बघ, सकाळी कसा वाकडा होऊन उठतो."

तिने कढईतला बांगडा परतला. "सूड घेणं तुमच्याच्याने व्हायचं नाही. ती गादी काढा, आणि भाऊजींना आंघोळीला गरम पाणी द्या."