एकशे बाराव्या पानावरचं रडू

सरांना एकशे बाराव्या पानावर रडू यायचं. दर बॅचला, त्याच ओळीला, आणि इस्त्रीचा रुमाल आधीच मांडीवर काढून ठेवलेला असायचा. अमेरिकेतल्या एका काळ्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कादंबरी. त्या पानावर घरातली धाकटी मुलगी दुकानात पाणी मागते आणि दुकानदार तिच्यासाठी खिळ्याला टांगलेला वेगळा पत्र्याचा मग काढतो. सर चष्मा काढायचे आणि छताकडे बघून विचारायचे, "माणसाने माणसाशी असं वागावं?" मागे बसलेल्या आम्ही आया टिश्यू शोधायचो. मीसुद्धा.

हे सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. पुण्यात बँकेत ऑफिसर होते. निवृत्त होऊन इंग्लंडात बेसिंगस्टोकला मुलाकडे आले आणि शनिवारी सुनेच्या काचेच्या कॉन्झर्वेटरीत मुलं गोळा करून बसू लागले. आमच्या मुलांना शाळेत इयर एटला, म्हणजे आपल्याकडच्या सातवीला, ही कादंबरी होती, आणि आम्हा आयटीवाल्यांचा साहित्याशी काडीचा संबंध नव्हता. सरांचाही नव्हता, पण आवाज भारदस्त होता आणि तेवढ्यावर आम्ही भाळलो. 'कृष्णवर्णीय' हा शब्द तर ते बासुंदीची वाटी तोंडाला लावल्यासारखा उच्चारायचे.

एकदा माझ्या सईने विचारलं, "सर, इंडियामध्ये पण असं होतं ना? आपल्या गावांमध्ये?" सर हसले. "ते वेगळं आणि हे वेगळं. गल्लत करायची नाही, बाळ." कुठलाही अडचणीचा प्रश्न आला की हेच वाक्य. बँकेच्या खिडकीवरही जन्मभर हेच म्हणत आले असणार.

मग सई तिच्या जिवलग मैत्रिणीला, ग्रेसला, क्लासला आणायला लागली. ग्रेसची आई घानाहून आलेली नर्स. शनिवारी तिची ड्यूटी असायची, म्हणून दोघींना मीच गाडीतून न्यायची. वाचन अर्ध्यावर आलं की सर स्वतःच्या हाताने ऑरेंज स्क्वॉश वाटायचे. आम्हा सगळ्यांना स्टीलचे पेले, त्यांच्यावर सरांच्या वडिलांचं नाव घातलेलं. ग्रेसला कागदाचा कप. "पाहुणी आहे," सर म्हणाले. मला वाटलं, पेले कमी पडले असतील. त्याच दिवशी पाणी घ्यायला किचनमध्ये गेले, तर रॅकमध्ये चार पेले पालथे घातलेले. समजायचं ते समजले आणि गप्प बसले. वयाने मोठे, फुकट शिकवतात, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा. असे तीन शनिवार गेले.

चौथ्या शनिवारी एकशे बारावं पान आलं. सरांनी पुस्तक ग्रेसकडे दिलं. "तू वाच. तुझ्या तोंडी ते शोभेल." इतका निलाजरेपणा अंगी असायला लागतो. पोरगी छान वाचत गेली, सर वेळेवर रडले, रुमालाची घडी केली आणि त्याच ओल्या डोळ्यांनी स्क्वॉश वाटायला उठले. सगळ्यांना पेले. ग्रेसला कागदाचा कप.

तिने कपाकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. इंग्रजीत, अगदी सरळ विचारलं, "सर, माझाच कप वेगळा का?"

सर म्हणाले, "दॅट इज डिफरंट, माय चाइल्ड."

ग्रेसने भरलेला कप टेबलावर ठेवला, कोट घातला आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. सोमवारपासून शाळेत ती लंचला दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. सई महिनाभर डबा तसाच परत आणत होती.

पुढच्या वर्षी सर कायमचे पुण्याला निघाले. आमच्या इथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. "मी या मुलांना माणुसकी शिकवली," असं सर बोलले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात वाजतच होते. निघताना त्यांनी आठवण म्हणून स्वतःची कादंबरीची प्रत मला दिली.

घरी येऊन मी एकशे बारावं पान उघडलं. समासात पेन्सिलीने, बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'इथे थांबणे. रुमाल.' मला हसू आवरेना. ढोंगी म्हातारा रंगेहाथ सापडला होता. मी धावत वर जाऊन सईला पान दाखवलं. वाटलं, तीही हसेल.

तिने वाचलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "आई, तो कप तू पहिल्याच दिवशी बघितला होता ना?"

"हो."

"मी ग्रेसला तीन वेळा परत नेलं तिकडे," सई म्हणाली. "तू सांगितलं असतं तर नेलं नसतं."

मी तोंड उघडलं. सरांचं ते वाक्य जिभेवर तयारच होतं. ते वेगळं आणि हे वेगळं.